पीएच.डी., १४ महिन्यांची लेक आणि हातचा गेलेला खरीप

पांढरं_सोनं (धागाकर्ती)

घरात सगळे झोपले आहेत. कूलरचा आवाज सोडला तर शांत आहे, म्हणून लिहायला बसली. नागपुरातले, विशेषतः लेकरं सांभाळून पीएच.डी. केलेले कोणी इथे असतील तर मला खरंच मदत पाहिजे.

मी प्राणीशास्त्रात पीएच.डी. करून राहिली. विषय कपाशीवरची गुलाबी बोंडअळी. नोंदणी जुलै २०२३ ची. कोर्सवर्क झालं आणि २०२४ चा खरीप पूर्ण मिळाला. हिंगण्याकडच्या एका शेतात कामगंध सापळे (मादीच्या गंधाने नर पतंग ओढणारे) लावले, डोमकळ्या (आत अळी शिरल्याने मिटलेली फुलं) मोजल्या, हिरवी बोंडं फोडून आतल्या अळ्या पाहिल्या. त्या हंगामात मला दिवस होते. नोव्हेंबरात बोंडं फोडत होती तेव्हा सहावा महिना चालू होता. फवारणी झाली की काही दिवस मी शेताकडे फिरकायची नाही. २०१७ मध्ये यवतमाळात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी-शेतमजूर गेले, ते आम्ही सगळ्यांनीच जवळून पाहिलंय. त्याची भीती पोटात घेऊनच काम केलं.

मार्च २०२५ मध्ये लेक झाली आणि त्या वर्षीचा खरीप हातचा गेला. आमच्या कामात हेच अवघड आहे. प्रयोगशाळेतला प्रयोग पुढच्या महिन्यात करता येतो, पण कपाशी वर्षातून एकदाच येते. तीन महिने चुकले की वर्ष चुकतं.

आता खरी अडचण. बाळंतपणाच्या वेळी मी सरांना तोंडी सांगितलं. ते चांगलं बोलले, ‘तब्येत सांभाळ, बाकीचं पाहून घेऊ’. मी अर्ज दिला नाही. मधली सहा-सहा महिन्यांची दोन प्रगती सादरीकरणं राहिली. दोन वर्षं झाल्यावर जेआरएफची (कनिष्ठ संशोधन फेलोशिप) एसआरएफ (वरिष्ठ) होते, ती फाईल पुढे गेलीच नाही. फेलोशिप काही महिने आली, मग थांबली. गेल्या आठवड्यात ऑफिसमध्ये विचारलं तर पहिला प्रश्न आला, ‘मॅडम, रजेचा कागद कुठे आहे?’ विभागातल्या एकीने तर सांगितलं की तुझी तीन वर्षं जुलैत संपतात, आता नोंदणीच जाईल.

तीन-चार आठवड्यांत पेरणी आहे. मिस्टर मिहानमधल्या कंपनीत शिफ्टमध्ये आहेत. सासूबाई ६८ वर्षांच्या, गुडघे दुखतात, तरी ‘जमेल तसं सांभाळते’ म्हणतात. आई अमरावतीला. लेक अजून रात्री दोनदा उठते. हा हंगाम घेऊ की सोडू? आणि घेतला तर कसा?

(विद्यापीठाचं, विभागाचं नाव मुद्दाम लिहिलं नाही. कृपया कोणी अंदाज करू नका.)

*

शंकरनगर_चौक

ताई, आधी एक श्वास घे. तुझी नोंदणी जात नाहीये. तीन वर्षं ही कमीत कमी मुदत आहे, जास्तीत जास्त सहा. म्हणजे तुझे जुलै २०२९ पर्यंत आहेत. त्यानंतर पुनर्नोंदणी करून दोन वर्षं मिळू शकतात, आणि बाईमाणसाला त्यावर आणखी दोन. मैत्रिणीने सांगितलेलं चुकीचं आहे आणि त्याने तुझी झोप गेली याचं मला वाईट वाटतं.

मी समाजशास्त्रात केलं, २०२१ मध्ये प्रबंध दिला. मोठा मुलगा नोंदणीच्या वेळी दोन वर्षांचा होता, धाकटा मध्येच झाला. तुझ्यासारखा हंगाम नव्हता माझा, पण मुलाखती होत्या, आणि मुलाखत देणारी बाई दुपारी दोन ते चारच मोकळी असायची. तेव्हा एक गोष्ट फार उशिरा कळली. घरचे ‘जमेल तसं’ म्हणतात ते प्रेमाने म्हणतात, पण त्या भरवशावर काम होत नाही. ‘जमेल तसं’ म्हणजे रोज सकाळी नव्याने विचारायचं, आज जमेल का? रोज नव्याने मागावं लागतं, आणि रोज मागणाऱ्या बाईला रोज अपराधी वाटतं.

मी शेवटी कॅलेंडरवर लिहिलं. मंगळवार आणि शुक्रवार, सकाळी दहा ते चार, मी घरी नाही. मूल कोणाकडे, दुधाचं काय, तापलं तर कोण नेणार, सगळं कॅलेंडरच्याच मागच्या पानावर. बाकीचे पाच दिवस मी पूर्ण घरची. लोक म्हणाले दोन दिवसांत काय होतं? पण भरवशाच्या दोन दिवसांत जेवढं झालं तेवढं आधीच्या सहा अर्धवट दिवसांत झालं नव्हतं.

*

रातपाळी

मी बाप आहे, म्हणून लिहू की नको असं झालं होतं. इंजिनिअरिंगमध्ये पीएच.डी. करतोय, मुलगा आता तीन वर्षांचा. माझं काम संगणकावरचं, रात्री रन लावायची आणि सकाळी पाहायची. बायको नर्स आहे, तिच्या ड्युट्या माझ्यापेक्षा कडक.

पीएच.डी.च्या नियमांत बाळंतपण-बालसंगोपनासाठी २४० दिवसांची रजा आहे, पण ती विद्यार्थिनींना. बाप संशोधकाबद्दल तिथे काही नाही. मी तक्रार करत नाही, पण याचा परिणाम घरात असा होतो की ज्याला रजाच नाही त्याच्याकडून कोणी अपेक्षा ठेवत नाही, आणि मग सगळं तिच्यावर पडतं. आमच्याकडे मुलाच्या लसींचं माझ्याकडे आहे. सहा, दहा, चौदा आठवडे, मग नवव्या महिन्याची गोवर-रुबेला, तारखा माझ्या फोनमध्ये. ‘मदत करतो’ असं मी म्हणत नाही, ते माझं काम आहे.

ताई, तुझ्या मिस्टरांची शिफ्ट ठरलेली असते ना? रोस्टर आधी येतो. तो तुझ्या कॅलेंडरवर चिकटव.

*

उमरेड_रोड

कोणाला दुखवायचं नाही. पण मनापासून वाटतं ते लिहितो. लेकरू १४ महिन्यांचं आहे. हे दिवस परत येत नाहीत. कपाशी पुढच्या वर्षीही येईल. सहा वर्षं आहेत तर एक खरीप अजून सोडला तर काय बिघडतं?

*

शंकरनगर_चौक

@उमरेड_रोड, तुमचा हेतू समजला. पण तिची फेलोशिप पाच वर्षांची असते, नोंदणी सहाची. दोन घड्याळं वेगळी चालतात. अजून एक खरीप सोडला तर शेवटच्या हंगामात पैसे नसतील. शेतावर जायला स्कूटीत पेट्रोल लागतं, पाळणाघराची फी लागते. मूल मोठं होतं तसा खर्चही मोठा होतो.

*

निवृत्त_गाईड

हा धागा दोनदा वाचला. मी आयुष्यभर मार्गदर्शक म्हणून काम केलं, म्हणून दुसऱ्या बाजूचं सांगतो.

माझ्याही विद्यार्थिनी बाळंतपणाला गेल्या. मीही असंच म्हणायचो, ‘तब्येत सांभाळ, बाकीचं पाहून घेऊ’. मला वाटायचं, मी समजूतदार आहे, तिला कागदपत्रांच्या त्रासातून वाचवतो आहे. एकीच्या बाबतीत पुढे विभागप्रमुख बदलले, समितीतले सदस्य बदलले, आणि माझ्या तोंडी शब्दाची किंमत राहिली नाही. तिच्या फाईलवर आठ महिने नुसती गैरहजेरी दिसत होती. तिने ते भोगलं, मी नाही. ती गोष्ट मला आजही बोचते. म्हणून सांगतो, गाईड कितीही चांगला असो, रजा कागदावर घ्यायची.

आता तुझ्या हातात काय आहे ते पाहू. विद्यापीठ अनुदान आयोगाचे पीएच.डी.चे सध्याचे नियम ७ नोव्हेंबर २०२२ रोजी अधिसूचित झाले. तुझी नोंदणी त्यानंतरची, म्हणजे तुला हेच लागू. त्यात संपूर्ण पीएच.डी.च्या काळात मिळून २४० दिवसांपर्यंत प्रसूती किंवा बालसंगोपन रजा देता येते. ‘बालसंगोपन’ हा शब्द नीट वाच. रजा फक्त बाळंतपणाच्या महिन्यांपुरती नाही. ती ‘देता येते’ अशी आहे, म्हणून मंजुरी विद्यापीठाच्या हातात. पण मागितलीच नाही तर मंजूर करणाऱ्यासमोर काहीच नसतं.

अर्ज एकाच पानाचा कर. मुलीचा जन्मदाखला आणि दवाखान्याचं डिस्चार्ज कार्ड जोड. अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंतची अनुपस्थिती प्रसूती रजा म्हणून नियमित करावी, आणि राहिलेलं सादरीकरण घेण्यासाठी तारीख मिळावी, एवढंच माग. सगळे २४० दिवस एकदम लिहू नको, काही मागे ठेव, लेकरू आजारी पडतं. मार्गदर्शकांची शिफारस त्याच पानावर घे. ते चांगले आहेत म्हणतेस, मग सही करतील. आणि अर्ज आवक विभागात देऊन तुझ्या प्रतीवर शिक्का, आवक क्रमांक, तारीख घे. ती प्रत लॅमिनेट करून ठेव म्हटलं तरी चालेल.

एसआरएफचं वेगळं पत्र कर. दोन्ही विषय एका कागदात घातले की तो कागद दोन टेबलांमध्ये फिरत राहतो. फेलोशिपच्या नियमांतही बाळंतपणाची रजा आहे, म्हणून त्या पत्राला रजेच्या अर्जाची प्रत जोड. तुझं काम चालू आहे अशी खात्री दरमहा विभागाकडून पोर्टलवर जावी लागते, ती कोणत्या महिन्यापासून गेली नाही हे ऑफिसमध्ये बसून तारखेनिशी लिहून घे. जेआरएफ ३७,००० आणि एसआरएफ ४२,०००, यातला फरक दर महिन्याचा आहे, तो तुझ्या हक्काचा आहे.

हंगाम घे. पण पहिला कागद, मग पेरणी.

*

मानेवाड्याची_आजी

नातवाने टाईप करून दिलं, बोल माझे आहेत.

पोरी, तू काहून रडून राहिली? तुझ्या सासूचं मी सांगते तुले. माझी सून पण हेच करून राहिली, तिचं मराठीत आहे, लोकगीतांवर. मी नातू सांभाळते. पहिले सहा महिने मीच म्हणत होती, ‘जमेल तसं पाहीन मी’. सून रोज माझ्या तोंडाकडे पाहायची. मले वाटे, हिले माझा भरवसा नाही. तिले वाटे, आई थकल्या, कसं विचारू. दोघी एकमेकींले सांभाळत होतो आणि दोघीही कुढत होतो.

मग एक दिवस ती म्हणे, आई, तुम्हाले कोणता वार नको? बाप्पा, असं मले कोणी आयुष्यात विचारलं नव्हतं! मी म्हटलं, गुरुवार नको, माझं भजनी मंडळ असते. सोमवारी गुडघ्याचा व्यायाम शिकवणारी येते, सकाळी नको. बाकी मी आहे. तेव्हापासून बुधवार-शनिवार माझे. त्या दिवशी मी पण ठरवून ठेवते, पोराले कुठं नेईन, काय खाऊ घालीन. गुरुवारी मी मोकळी असते, मनाले बरं वाटते.

तुझ्या सासूले विचार. तिचे पण वार असतील. ‘जमेल तसं’ म्हणणाऱ्या बाईले सुट्टीच मिळत नाही.

आणि गुडघे दुखतात तर १४ महिन्यांचं लेकरू कडेवर उचलायले लावू नको. खाली गादी टाकून दे, खाली बसून खेळू दे दोघींले.

*

पांढरं_सोनं

आजी, तुमचं वाचून मी खरंच उठून आईंच्या (सासूबाईंच्या) खोलीत पाहून आली, त्या झोपल्या होत्या. सकाळी विचारते.

सर, तुमचं पूर्ण उत्तर उतरवून घेतलं. उद्याच अर्ज लिहिते.

एक अडचण राहिली. दोन ठरलेले वार बोंडं फोडायला चालतील, पण सापळ्यांचं काय? एका सापळ्यात रोज रात्री आठ पतंग, असे सलग तीन रात्री सापडले की आर्थिक नुकसानीची पातळी ओलांडली, म्हणजे आता उपाय करावाच लागेल, असं धरतात. म्हणजे सलग तीन सकाळी मोजणी पाहिजे. मंगळवार-शुक्रवारात ते बसत नाही. २०२४ मध्ये मी रोज सकाळी सुभाषनगरहून मेट्रोने लोकमान्य नगरला आणि तिथून पुढे शेतात जायची. आता सकाळी सहाला लेक उठते.

*

वर्धा_पॅसेंजर

मी भूगोलवाली. माझा मुलगा आठवड्यातले चार दिवस वर्ध्याला आईकडे असतो, मी नागपुरात. लोक काय काय बोलतात ते सोडून देते. तुझ्या सापळ्यांवरून सुचलं ते सांगते.

माझ्याकडे विहिरींच्या पाण्याची पातळी रोज मोजायची होती. रोज जाणं शक्य नव्हतं. शेतातल्या ताईंना मोजपट्टी कशी धरायची ते दोन दिवस शिकवलं, त्या रोज सकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो टाकायच्या, आकडा मी घरी वाचायची. त्यांना दर महिन्याला मानधन दिलं, आणि प्रबंधात पद्धतीच्या प्रकरणात तसं स्पष्ट लिहिलं. माझ्या समितीने आक्षेप घेतला नाही, उलट रोजचा फोटो हा पुरावाच झाला. आठवड्यातून एकदा स्वतः जाऊन त्यांचा आकडा पडताळायची.

तुझ्या शेतावर कोणी आहे का? पिशवी काढून पांढऱ्या कागदावर पतंग पसरले आणि फोटो काढला तर मोजता येतील ना? मात्र आधी तुझ्या सरांची लेखी परवानगी घे. (सगळे इथे लेखी-लेखी म्हणून राहिले, मी पण म्हणते.)

*

पांढरं_सोनं

हे मला का नाही सुचलं! शेतमालकीण काकू आहेत, दहावीपर्यंत शिकलेल्या, २०२४ मध्ये त्यांनीच मला डोमकळी लांबून ओळखायला शिकवली. पाकळ्या उघडतच नाहीत, आत अळीने जाळं विणलेलं, गुलाबासारखं मिटलेलं फूल. त्यांचे डोळे माझ्यापेक्षा तयार आहेत. विचारते.

*

मोकळं_आकाश

थोडं वेगळं लिहिते. मी चौथ्या वर्षी पीएच.डी. सोडली. जुळी मुलं, नवरा बाहेरगावी, घरी कोणी नाही. आता शाळेत शिकवते आणि मला ते आवडतं. इथे वाचणाऱ्या कोणी सोडण्याच्या उंबरठ्यावर असेल तर तिला सांगायचं आहे की त्यानंतरही आयुष्य चांगलं असतं.

फक्त एक खंत आहे. मी सोडलं तेव्हा मला २४० दिवसांचं माहीत नव्हतं. माहीत असतं तर कदाचित सोडलंच असतं, पण सगळं माहीत असताना सोडलं असतं.

*

शंकरनगर_चौक

@मोकळं_आकाश, 🙏 हे लिहिल्याबद्दल मनापासून आभार.

पांढरं_सोनं, दोन बारीक गोष्टी राहिल्या होत्या. दूध काढून ठेवत असशील तर सामान्य तापमानात चार तास चालतं असं सगळीकडे वाचायला मिळतं. ते साधारण २५ अंशांच्या खोलीचं गणित आहे, आपल्या मे-जूनच्या ४५ अंशांचं नाही. बर्फाच्या पिशवीचा डबा घे किंवा सरळ फ्रीजमध्ये ठेव. आणि विभागातल्या ज्या फ्रीजमध्ये रसायनं-नमुने असतात त्यात चुकूनही ठेवू नको.

दुसरं, पाळणाघर. ५० किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघराची सोय असावी असं प्रसूती लाभ कायद्यात २०१७ मध्ये आलं. मी विचारलं तेव्हा उत्तर मिळालं की संशोधक विद्यार्थी कर्मचारी नाहीत. तरी विचारत राहायला पाहिजे. आमच्या वेळी चौघी मिळून पत्र दिलं असतं तर बरं झालं असतं, आम्ही एकेकटीने तोंडी विचारलं.

*

रातपाळी

अजून एक. शाळा-बालवाडी बघत असाल तर लक्षात ठेवा, विदर्भात उन्हामुळे शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या शेवटी उघडतात. पुढे मूल बालवाडीत गेलं की नेमकी पेरणीच्या दिवसांत ते घरीच असणार आहे. तेव्हाची सोय आतापासून डोक्यात असू दे. जून महिना माझ्या कॅलेंडरवर मी लाल शाईने रंगवतो.

*

पांढरं_सोनं

बऱ्याच दिवसांनी लिहून राहिली. ऑगस्ट संपत आला. ज्यांनी ज्यांनी लिहिलं त्यांना सांगणं माझं कर्तव्य आहे.

अर्ज दिला. १८० दिवस मागितले, ६० मागे ठेवले. सरांनी शिफारस लिहिताना मान खाली घातली आणि म्हणाले, ‘मी तेव्हाच तुझ्याकडून लिहून घ्यायला पाहिजे होतं’. आवक क्रमांक मिळाला. समितीची मंजुरी अजून आली नाही, पण त्या अर्जाच्या प्रतीवर मला सादरीकरणाची तारीख मिळाली आणि जुलैत ते झालं. एका सदस्यांनी विचारलं, २०२५ चा डेटा का नाही? मी कागद समोर ठेवला. पुढचा प्रश्न बोंडअळीवर होता. एसआरएफची फाईल विभागातून पुढे गेली आहे, पैसे आले नाहीत. कोणत्या महिन्यापासून खात्री थांबली होती ते आता माझ्याकडे तारखेसहित आहे. दर सोमवारी विचारते.

घरी आईंना वार विचारला. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, रविवारी मला माझ्या बहिणीकडे महालात जायचं असतं, दोन वर्षांपासून गेली नाही. दोन वर्षं! मी एकाच घरात राहून मला हे माहीत नव्हतं. आता रविवार त्यांचा. मंगळवार-शुक्रवार सकाळ त्या पाहतात, दुपारनंतर मिस्टर, रोस्टर फ्रीजवर लावलेला आहे. दुसऱ्या शिफ्टच्या आठवड्यात शेजारच्या काकूंना पैसे देऊन बोलावतो. लेक आईंसोबत खाली गादीवरच खेळते. कडेवर घेत नाहीत, आजींचं ऐकलं.

पेरणी पाऊस लांबल्याने जरा उशिरा झाली. सापळे आता लावले, हेक्टरी पाच. शेतावरच्या काकू सकाळी सातला फोटो टाकतात, सरांची लेखी परवानगी घेतली आहे. पहिल्या दिवशी त्यांनी पतंग कागदावर एका रांगेत मांडून फोटो पाठवला, दोन होते. खाली लिहिलं होतं, ‘कमी आहेत, घाई करू नको, लेकराले दूध पाज’.

काल बर्डीवर बाजारात गेली होती, तान्ह्या पोळ्यासाठी (लहान मुलांचा पोळा) छोटा लाकडी बैल आणला. लेकीने पहिल्याच दिवशी त्याचं एक शिंग चावून चावून ओलं केलं. रंग कच्चा आहे का अशी भीती वाटते. लहान मुलांनी तोंडात घातला तर चालेल असा रंग लावणारे कारागीर नागपुरात कोणाला माहीत आहेत का?

*

मानेवाड्याची_आजी

रंग नको लावू. बिनरंगाचा घे, त्याले हळद लाव.